गोळीशिवाय डोकं थांबवायचं, तर आधी गोळ्या मोजा

प्रश्न असा आला आहे: "वय ३६, सकाळच्या शाळेत शिक्षिका. दोन वर्षं झाली, आठवड्यातून तीन-चार दिवस डोकं धरतं. एरवी कपाळ आणि कानशिलं आवळल्यासारखी होतात. महिन्यातून दोनेकदा मात्र एकच बाजू ठणकते, उजेड सोसत नाही, उलटी होते आणि पित्त पडलं की बरं वाटतं. डोळे तपासले, सायनसचा एक्स-रे काढला, काही निघालं नाही. मेडिकलमधून गोळी आणून घेते, पण आता गोळ्यांचा कंटाळा आलाय. औषधाशिवाय हे थांबेल का? आणि मुळात होऊच नये म्हणून काय करू?"

ताई, बऱ्याच अंशी थांबेल. पण सुरुवात बाम, काढा किंवा प्राणायामापासून करू नका. गेल्या महिन्यात किती दिवस गोळी घेतलीत, तो आकडा आधी काढा. किती गोळ्या नव्हे, किती दिवस.

मी चोवीस वर्षं सांगलीत फिजिशियन म्हणून काम करते आणि एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षापासून माझी स्वतःची अर्धशिशी सांभाळते. हा प्रश्न मी रोज विचारते आणि उत्तर जवळजवळ नेहमी एकच येतं: "तशी कधीतरीच घेते, डॉक्टर." मागे एका बाईंना म्हटलं, पर्स उघडा बघू. टेबलावर किल्ल्या आल्या, हळदीकुंकवाची पुडी आली, शाळेचं ओळखपत्र आलं आणि गोळ्यांची तीन वेगवेगळी फोडलेली पाकिटं आली. त्या स्वतःच बघत राहिल्या. हिशेब केला तर महिन्याचे अठरा दिवस भरले.

हा हिशेब एवढ्यासाठी, की वेदनाशामक गोळीच पुढे डोकेदुखी निर्माण करते. साधी पॅरासिटामॉलसारखी गोळी महिन्यातून १५ किंवा त्याहून जास्त दिवस, किंवा दोन-तीन औषधं एकत्र असलेली (बऱ्याचदा त्यात कॅफिनही असतं) गोळी १० किंवा त्याहून जास्त दिवस, असं तीन महिन्यांच्या वर चाललं की अतिवापराची डोकेदुखी धरायची. अर्धशिशीच्या खास गोळ्यांनाही १० दिवसांचीच मर्यादा आहे. मग डोकं दुखतं म्हणून गोळी आणि गोळी उतरली म्हणून डोकं, असं रहाटगाडगं सुरू होतं. या अवस्थेत योगासनं करा, माका-ब्राह्मीचं तेल थापा, फार फरक पडत नाही, आणि माणूस म्हणतो "सगळं करून बघितलं". आठवड्यातून तीन-चार दिवस म्हणजे महिन्याचे बारा ते सोळा दिवस. तुम्ही त्या रेषेवरच उभ्या आहात. गोळी बंद कधी आणि कशी करायची ते शेवटी सांगते, त्याची वेळ निवडावी लागते.

आता तुम्हाला नेमकं काय होतंय ते. तुमच्या वर्णनात दोन वेगळी दुखणी आहेत. पट्टा आवळल्यासारखं, दोन्ही बाजूंना, चाललं-फिरलं तरी न वाढणारं दुखणं हे ताणाचं. ताण म्हणजे मनाचाच असं नाही, मानेच्या आणि कवटीच्या स्नायूंचाही. महिन्यातून दोनदा येणारी ती अर्धशिशी, म्हणजे मायग्रेन. चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत राहते, ठणकते, जिना चढला की वाढते, उजेड-आवाज-वास नकोसे होतात. दोन्ही एकाच माणसाला असणं अगदी नेहमीचं आहे. बायकांना अर्धशिशी पुरुषांच्या साधारण तिप्पट, आणि पाळीच्या आसपास इस्ट्रोजेन हे संप्रेरक उतरतं तेव्हा अनेकींना.

आणि पित्ताचं काय? आपल्याकडे अर्धी अर्धशिशी पित्ताच्या नावाखाली जगते. झटका आला की पोटाची हालचाल मंदावते, मळमळतं, कडू पाणी पडतं आणि बऱ्याच जणांना उलटीनंतर उतार पडतो. म्हणून सगळ्यांना वाटतं की पित्त डोक्यात चढलं होतं. क्रम उलटा आहे. डोक्यातला झटका पोटात उतरतो. वर्षानुवर्षं सकाळी उपाशीपोटी पित्ताची गोळी घेणाऱ्या आणि तरीही महिन्याला दोनदा अंधारात पडून राहणाऱ्या कितीतरी बायका मी बघते. सायनसचंही तेच. खऱ्या सायनसायटिसमध्ये घट्ट पिवळा शेंबूड, ताप, वास न येणं असं काहीतरी असतं. नुसतं कपाळ दुखतंय, नाक थोडं चोंदलंय, डोळ्यातून पाणी येतंय, तर ती बहुतेक वेळा अर्धशिशीच निघते. त्यामुळे एक्स-रे कोरा आला याचं मला नवल नाही. चष्म्याचा नंबरही वाटतो तेवढा दोषी नसतो.

आता कारणांकडे. लोक एक कारण शोधतात: चॉकलेट, दही, ऊन, सासू. अर्धशिशीचा मेंदू मुळात बदलाला चिडतो. झोप कमी झाली तरी, रविवारी जास्त झाली तरी. एकटं ऊन सोसतं; ऊन, उपवास आणि पाळी एकत्र आली की नाही सोसत. म्हणून कारण आठवून सापडत नाही, लिहून सापडतं. मी ॲप वगैरे सांगत नाही. स्वयंपाकघरात कालनिर्णय लटकलेलं असतंच. त्याच्या चौकोनात डोकं दुखलं की लाल ठिपका, गोळी घेतली की फुली, पाळीला एक गोल. बास. दोन महिने.

कालनिर्णयच का? कारण त्यावर तिथी छापलेल्या असतात. एक बाई दोन पानं गुंडाळी करून घेऊन आल्या होत्या. लाल ठिपके बघताना आधी काही कळेना. मग लक्षात आलं की दोन्ही महिन्यांत संकष्टीला ठिपका आहे, एकादशीला आहे आणि एरवी शनिवारी. शनिवारी अर्धी शाळा, घरी येऊन दोनला जेवण. संकष्टीला तर चंद्रोदयाची वाट बघत रात्रीचे नऊ-दहा वाजतात. आठ तासांच्या वर पोट रिकामं राहिलं तर नुसत्या उपाशीपणाचीही डोकेदुखी होते आणि अर्धशिशी असणाऱ्यांना ती लवकर पकडते. मी उपवास सोडा म्हणत नाही. म्हटलं तरी कोणी ऐकत नाही. पण निर्जळा नको, आणि दिवसभर नुसत्या चहावर तर अजिबात नको. सकाळी आठला राजगिऱ्याचा लाडू नि दूध, अकराला ताक, दुपारी भगर-आमटी, चारला मूठभर शेंगदाणे किंवा खजूर. दर तीन-चार तासांनी पोटात काहीतरी. त्या बाईंनी एवढंच केलं. पुढच्या संकष्टीला डोकं दुखलं नाही. त्याच्या पुढच्या संकष्टीला दुखलं, पण गोळी न घेता गेलं.

तुमची शाळा सकाळची म्हणजे सातच्या आत घर सोडत असणार. पोटात चहा आणि एखादं बिस्किट, पहिलं खरं खाणं साडेदहाच्या सुट्टीत. हे आधी बदला. रात्रीची अर्धी भाकरी नि दही चालेल, उकडलेलं अंडं चालेल, एक केळं तरी.

चहाबद्दल थोडं बोलायलाच हवं. कपात साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम कॅफिन असतं. शिक्षक-खोलीत दिवसाला पाच-सहा कप सहज होतात. रोजचं २०० मिलिग्रॅमच्या वर गेलं आणि मग ते अचानक चुकलं, तर एका दिवसाच्या आत डोकं धरतं. रविवारी उशिरा उठलात, पहिला चहा सहाऐवजी नऊला झाला, की दुपारी कपाळ जड. बरेच जण याला "आरामाने डोकं दुखतं" म्हणतात. उपाय चहा तोडणं नाही. दर चार दिवसांनी एक कप कमी करत दोनवर या, आणि ते दोन रोज ठरल्या वेळी घ्या, रविवारीसुद्धा. एका झटक्यात बंद केलात तर आठवडाभर डोकं तुमचं नसेल.

खाण्याची लांबलचक पथ्यं मला पटत नाहीत. टोमॅटो बंद, दही बंद, डाळ बंद, आंबट बंद अशी पानभर यादी घेऊन, वजन उतरलेली माणसं येतात आणि डोकं तसंच. अर्धशिशीच्या झटक्याआधी, कधी कधी आदल्या दिवसापासूनच, मेंदूत तयारी सुरू झालेली असते. जांभया येतात, मान अवघडते, चिडचिड होते, गोड खावंसं वाटतं. मग माणूस चॉकलेट खातो आणि चार तासांनी डोकं दुखलं की चॉकलेटला शिव्या देतो. खरं तर खावंसं वाटणं हीच झटक्याची पहिली पायरी असू शकते. कालनिर्णयात तीन-चारदा तोच पदार्थ आणि तोच ठिपका दिसला, तरच तो बंद करा.

एक आपल्याकडचं कारण मात्र पाश्चात्त्य पुस्तकांत सापडत नाही: डोक्यावरून न्हाणं. मुंबईचे डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी २००६ साली अशा ९४ भारतीय रुग्णांची निरीक्षणं प्रसिद्ध केली, ज्यांना केस धुतल्यावर अर्धशिशी उठते. माझ्या आजीला हे शास्त्राशिवाय ठाऊक होतं. ती शनिवारी न्हायली की ओले केस तसेच बांधू द्यायची नाही. तुमचे केस लांब असतील तर उपाशीपोटी धुऊ नका, पाणी कोमट ठेवा, लगेच टॉवेलने टिपून वाळवा आणि ओल्या केसांचा घट्ट अंबाडा घालून शाळेत जाऊ नका. आदल्या रात्री धुवून चालत असेल तर आणखी बरं, फक्त वाळवून झोपा.

आता ते रोजचं आवळल्यासारखं दुखणं. त्याचा धागा बऱ्याचदा मानेत असतो. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. दुखतं ते आवरण, रक्तवाहिन्या आणि स्नायूंतून. मानेच्या वरच्या तीन मज्जातंतूंचे आणि चेहऱ्या-कपाळाच्या मज्जातंतूचे निरोप आत एकाच ठिकाणी पोचतात, त्यामुळे मानेचं दुखणं कपाळात किंवा डोळ्यामागे जाणवतं. डोक्याचं वजन साडेचार-पाच किलो. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा मांडीवर घेऊन दीड तास मान खाली घातली, की तेवढं वजन मानेमागचे लहान स्नायू धरून ठेवतात. पेपर तपासायचे तर टेबलावर, खाली चार जाड पुस्तकं ठेवून उंच करून. वीस पेपर झाले की उठायचं. मोबाइल डोळ्यांसमोर आणायचा, डोळे मोबाइलकडे न्यायचे नाहीत.

व्यायाम दोनच सांगते, कारण सहा सांगितले तर एकही होत नाही. भिंतीला पाठ लावून उभ्या राहा, डोक्याचा मागचा भाग भिंतीला टेकवा. आता मान वर-खाली न करता हनुवटी सरळ मागे ढकला, जणू कोणी समोरून बोटाने ढकलतंय. गळ्याखाली दुहेरी हनुवटी दिसली म्हणजे बरोबर जमलं. पाच सेकंद धरा, सोडा. दहा वेळा, दिवसातून तीनदा, एकदा मधल्या सुट्टीत. दुसरा: एका मोज्यात दोन टेनिसचे चेंडू घालून गाठ मारा. जमिनीवर उताणं झोपून ते चेंडू मानेच्या अगदी वर, जिथे कवटी सुरू होते तिथे, मणक्याच्या दोन बाजूंना येतील असे ठेवा. दाबायचं काही नाही, डोक्याचं वजनच पुरतं. पाच मिनिटं, श्वास सोडताना घेतल्यापेक्षा जास्त वेळ लावत. पहिल्या मिनिटात कपाळात ओळखीचं दुखणं जागं होईल आणि मग विरघळत जाईल. तसं झालं तर समजा, जागा बरोबर सापडली.

घरातले पुरुष सलूनमध्ये दाढीनंतर मानेचा कडाका काढून घेतात आणि तुम्हालाही कोणी "एकदा कडकन काढून घे" म्हणेल. नको. झटक्याने मान पिळल्याने मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला आतून चीर पडून पक्षाघात झालेली माणसं आहेत, तीही तरुण. चंपी करा, तेल लावा, मान पिळू नका.

झटका आलाच तर? सुरुवातीलाच हातातलं काम सोडा. दोन तास रेटून मग आडवं होण्यात अर्थ नाही. खोलीत अंधार. बर्फ रुमालात गुंडाळून मानेच्या मागे आणि दुखऱ्या कानशिलावर, दहा-पंधरा मिनिटं. ठणक्याला बहुतेकांना गार बरं वाटतं, आवळलेल्या दुखण्याला मानेवर गरम शेक. ओढणी कपाळावर घट्ट बांधायची जुनी रीत आहे, तीही वेडेपणाची नाही, दाबाने अनेकांना खरंच उतार पडतो. पाणी घोट घोट. मळमळ असेल तर चिमूटभर सुंठ कोमट पाण्यात. मात्र सुंठ उगाळून कपाळावर लेप देताना जपून, रात्रभर ठेवून कातडी पोळलेली मी पाहिली आहे. दहा मिनिटांत धुऊन टाका. बाममधलं मेंथॉल ताणाच्या दुखण्यावर थोडंफार काम करतं, उगाच नाही १८९३ मध्ये मुंबईत सुरू झालेलं अमृतांजन अजून घराघरांत आहे. पण अर्धशिशीत बऱ्याच जणांना वासच सोसत नाही, उलट उलटी होते. तुमचं तुम्ही ठरवा.

प्रतिबंधाला सगळ्यात जास्त ज्याचा उपयोग होतो ते फार रुचकर नाही: रोज एका वेळी झोपणं-उठणं आणि घाम येईल असा व्यायाम. स्वीडनमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अर्धशिशीच्या ९१ रुग्णांचे तीन गट केले होते. एक गट आठवड्यातून तीनदा ४० मिनिटं व्यायाम करणारा, एक शिथिलीकरण करणारा, एक रोजची प्रतिबंधक गोळी घेणारा. झटके तिन्ही गटांत जवळपास सारखेच कमी झाले. दिल्लीच्या एम्समध्ये औषधोपचाराच्या जोडीला योग दिलेल्या रुग्णांना नुसत्या औषधांपेक्षा जास्त फरक पडला, तो अभ्यास २०२० मध्ये छापून आला. तीन महिन्यांचा होता. म्हणजे चार दिवस अनुलोम-विलोम करून "काही होत नाही" म्हणू नका. संध्याकाळी झपाझप चाला, भ्रामरी करा, शवासन करा. शीर्षासनाच्या वाटेला जाऊ नका.

एवढं सांगूनही, औषधच नको हा हट्ट मी धरू देणार नाही. महिन्यातून दोनदा खरी अर्धशिशी उठली आणि पहिल्या तासात योग्य मात्रेची एक गोळी घेतली, तर त्यात हरण्यासारखं काही नाही. आठवड्यातून दोन दिवसांच्या आत राहा, एवढंच. दोन-तीन महिन्यांनी ठिपके निम्म्यावर आले तर मी त्याला यश म्हणते. नाही आले, तर रोजच्या प्रतिबंधक औषधांविषयी बोलू. ती वेदनाशामकं नसतात आणि आयुष्यभरही घ्यावी लागत नाहीत.

घरगुती उपायांत वेळ घालवायचा नाही असे प्रसंगही असतात. डोक्यात स्फोट झाल्यासारखं, मिनिटाभरात शिखराला पोचणारं दुखणं. तापासोबत ताठ मान. हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, दिसायचं कमी होणं, फिट (आकडी) येणं. डोक्याला मार लागल्यावरचं. खोकताना किंवा आडवं झाल्यावर वाढणारं. गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर नव्याने सुरू झालेलं. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच आलेलं, त्यातही कानशील दाबलं की दुखतं आणि घास चावताना जबडा भरून येतो असं असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि एक प्रश्न मी हिवाळ्यात सगळ्यांना विचारते: बाथरूममध्ये गॅस गीझर आहे का, खिडकी बंद असते का? अंघोळीनंतरच डोकं दुखतं, गरगरतं, घरात दोघा-तिघांना एकदम होतं, तर ते कार्बन मोनॉक्साइड असू शकतं. अशा वेळी आधी गीझर बंद करून दार-खिडकी उघडायची आणि बाहेर यायचं.

राहिलं गोळी बंद करण्याचं. साधी पॅरासिटामॉल किंवा तत्सम असेल तर एकदम थांबवता येते. पाकिटावर कोडीन, ट्रॅमाडॉल किंवा झोपेच्या औषधाचं नाव दिसलं तर एकटीने करू नका, पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा. पहिले दोन ते दहा दिवस डोकं आजच्यापेक्षा जास्त दुखेल, मळमळेल, झोप उडेल. हे आधी माहीत नसलं की तिसऱ्या दिवशी माणूस हार मानून पुन्हा गोळी घेतो आणि म्हणतो, मला गोळीशिवाय जमतच नाही. म्हणून परीक्षेचे पेपर घरी आलेले असताना सुरू करू नका. दिवाळीच्या सुट्टीतही नको, फराळाचं तळण आणि जागरण यात नाही निभावणार. उन्हाळ्याच्या सुट्टीतला पहिला, पाहुणे यायच्या आधीचा आठवडा घ्या. घरच्यांना आधी सांगून ठेवा की या आठवड्यात दुपारी दोन तास खोलीचं दार बंद असेल आणि आतून हाक आली नाही तर उघडायचं नाही. बर्फाचा ट्रे भरून ठेवा. आणि पर्समधली पाकिटं शेजारणीकडे देऊन या. कपाटात ठेवलीत तर तिसऱ्या रात्री ती सापडतात, माझा स्वतःचा अनुभव आहे.